मासळीच्या नावामागचा माणूस

समुद्र दृष्टीस न पडणाऱ्या गावाला समुद्राची ओळख मासळीच्या टोपलीतून होत असते. तळेरे हे अशा गावांपैकी एक होय. कोल्हापुराकडून गगनबावड्यावरून घाट उतरून, वैभववाडी ओलांडून विजयदुर्गास जाणारी वाट आणि मुंबईहून गोव्यास जाणारा महामार्ग ह्यांची गाठ येथे पडते. घाटावरची भाजी व गूळ खाली उतरतात, बंदरावरची मासळी वर चढते, आणि दोहोंचा थोडा थोडा वाटा नाक्यावर राहून जातो. खारा वारा येथवर पोचत नाही. परंतु सकाळच्या प्रहरी विजयदुर्गाच्या बाजूने दुचाकीवरून येणारी पेटी उघडली, म्हणजे दर्याची बातमी गावभर होते. आमचे पूर्वापारचे घर ह्या गावी आहे, आणि कॉलेजास सुट्टी लागली की पुस्तकांचे एक गाठोडे घेऊन आम्ही येथे येऊन राहतो. ज्या मनुष्याची हकीकत आज सांगावयाची आहे, त्याची आमची ओळख त्या गाठोड्यातून झाली हे खरे. परंतु ती पक्की झाली ती मासळीच्या पेटीपाशी.

त्या पेटीत मुडदुशे असतात. रुपेरी अंगाची, निमुळत्या तोंडाची ही मासळी ज्यांनी खाल्ली आहे त्यांस तिचे वर्णन नको, आणि ज्यांनी खाल्ली नाही त्यांस ते पुरे पडणार नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ, रेताड पाण्यात ती राहते, आणि जाळ्याची चाहूल लागताच वाळूत शिरून दिसेनाशी होते. पचावयास हलकी म्हणून आमच्या घरी दुखण्यातून उठलेल्या माणसास प्रथम तिचेच कालवण मिळे. पेटीच्या तळाशी कधी करली असते. ती चवीने थोर. परंतु काट्यांनी इतकी भरलेली की, तिच्याशी सलगी करणाऱ्याने जेवताना बोलणे बंद ठेवावे हे बरे. मुडदुशांस हे नाव कशावरून पडले, असे आम्ही विकणाऱ्या बाईंस एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "मास्तरानू, नाव कित्याक व्हया तुमका? खाऊन बघा!"

उत्तर व्यवहारास धरून होते. परंतु नावाच्या नादी लागण्याची खोड ज्यास जन्मभर पुस्तकांनी लावली आहे, त्याचे एवढ्याने समाधान होत नाही. आपल्या मराठी भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' ह्यांत एका मात्रेचे अंतर आहे. पहिले कृत्य बारशाच्या दिवशी आटोपते, दुसरे त्यानंतर जन्मभर चालते. शास्त्रज्ञ लोकांनी पहिल्या कृत्याची फार काटेकोर रीत बसविली आहे. स्वीडन देशातील लिनियस ह्या पंडिताने अठराव्या शतकात घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक प्राण्यास व वनस्पतीस दोन पदांचे नाव मिळते. पहिले पद वंशाचे, दुसरे जातीचे. त्यापुढे, ज्याने त्या जातीचे प्रथम शास्त्रोक्त वर्णन केले त्याचे नाव लिहावयाचे. मुडदुशांचे शास्त्रीय नाव सिल्लागो सिहामा. करलीचे कायरोसेंट्रस डोराब. दोहोंच्या पुढे कंसात एकच नाव व एकच साल आढळते: फोर्स्कोल, १७७५. वाघोटणच्या खाडीकाठी भरतीच्या पाण्यात गुडघाभर उभे असलेले तिवर घ्या; त्याचे नाव अव्हिसेनिया मरीना, आणि कंसात पुन्हा फोर्स्कोल. पाणथळ जागी पसरणारी नाळीची भाजी घ्या; तिचे नाव आयपोमिया ॲक्वाटिका, आणि पुढे पुन्हा तोच फोर्स्कोल, येथे कंसावाचून.

हा कंस निरर्थक नाही. मूळ नाव देणाराने ती जात ज्या वंशात घातली होती तेथून पुढच्या पंडितांनी तिला दुसरीकडे हलविले, म्हणजे त्याच्या नावाभोवती कंस पडतो. मुडदुशांस फोर्स्कोलने अथेरिना वंशात आणि करलीस क्लुपिया वंशात बसविले होते. पुढे दोघींचे घर बदलले, परंतु सिहामा व डोराब ही त्याने दिलेली नावे सासरीही कायम राहिली. नाळीची भाजी मात्र त्याने बसविली त्याच घरी अजून नांदते आहे.

आमच्या ताटात, आमच्या खाडीत आणि आमच्या परसात ज्याची सही आहे असा हा मनुष्य कोण, हे कुतूहल येथून सुरू झाले. कोकणचा किनारा त्याने कधी पाहिला नव्हता. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्या १७७५ सालाची ही नावे आहेत त्या साली तो ह्या जगातही नव्हता. त्यास मरून बारा वर्षे झाली होती. मेल्यावर बारा वर्षांनी इतकी बारशी एखाद्याच्या हातून कशी व्हावी, ह्या कोड्याचा उलगडा शोधता शोधता आम्ही एका अशा सफरीपाशी येऊन पोचलो की, जिचा एक करुण अंक आमच्या मुंबईतच घडलेला आहे.

पेटर फोर्स्कोल ११ जानेवारी १७३२ रोजी हेलसिंकी येथे जन्मला. उप्सालाच्या विद्यापीठात तो लिनियसचा शिष्य झाला, आणि पुढे जर्मनीतील गटिंगेन येथे त्याने तत्त्वज्ञानाचा व पौर्वात्य भाषांचा अभ्यास केला. त्याचा स्वभाव हट्टी होता. १७५९ साली त्याने नागरिकांच्या स्वातंत्र्यावर एकवीस कलमांचे एक छोटे पुस्तक छापले. आपले विचार छापून प्रकट करण्याची मोकळीक असल्यावाचून स्वातंत्र्य टिकत नाही, असा त्याचा रोख होता. सरकारने ते जप्त करविले, आणि वाटलेल्या प्रती विद्यार्थ्यांकडून परत गोळा करण्याचे काम विद्यापीठाचा त्या वेळचा प्रमुख म्हणून खुद्द लिनियसकडे आले. गुरूने शिष्याचे पुस्तक दारोदार मागत फिरावे, ह्याहून अवघड प्रसंग विद्यापीठाच्या जीवनात दुसरा कोणता असेल? स्वीडनमध्ये मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा १७६६ साली झाला. तो पाहण्यास फोर्स्कोल राहिला नव्हता.

ह्याच सुमारास डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक ह्याने अरबस्तानात एक विद्वन्मंडळ पाठविण्याचे ठरविले. मूळ कल्पना गटिंगेनचा प्राध्यापक मिखाएलिस ह्याची. बायबलात जी झाडे, जे प्राणी, जे रीतिरिवाज येतात त्यांचा खरा अर्थ त्या देशी जाऊन लावावा, हा त्याचा हेतू. मंडळात सहा असामी होते: भाषापंडित फॉन हावेन, निसर्गशास्त्रज्ञ फोर्स्कोल, गणिती व नकाशे काढणारा कार्स्टेन नीबूर, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड, आणि बेरग्रेन नावाचा एक स्वीडिश नोकर. ४ जानेवारी १७६१ रोजी हे लोक 'ग्रोनलँड' नावाच्या लढाऊ जहाजावर चढून कोपनहेगनहून निघाले, आणि उत्तरेकडच्या वादळांनी त्यांस पुन्हा पुन्हा मागे लोटले.

बाहेरच्या वादळांपेक्षा आतली वादळे वाईट होती. फॉन हावेन व फोर्स्कोल ह्यांचे मुळीच पटत नसे. कॉन्स्टँटिनोपल येथे फॉन हावेनने सोमल विकत घेतल्याचे उघडकीस आले, तेव्हा बाकीच्यांस आपल्या जिवाची धास्ती पडली आणि त्यांनी तेथील डॅनिश वकिलाकडे धाव घेतली. ज्ञानयात्रेस निघालेल्या सहा माणसांनी एकमेकांच्या हातचे अन्न शंकित मनाने खावे! ज्यांनी विद्वानांच्या समित्या जवळून पाहिल्या आहेत त्या वाचकांस ह्याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

फोर्स्कोलला ह्या भांडणांत फार वेळ घालविण्यास सवड नव्हती. इजिप्तमध्ये त्याने सुमारे एक वर्ष काढले. अरबी तो बोलू लागला, त्या देशच्या शेतकऱ्यासारखा पोशाख करून तो रानात एकटा हिंडू लागला. एकदा लुटारूंनी गाठून त्याच्या अंगावरचे बहुतेक कपडे काढून नेले. तरीही तो बाहेर जाण्याचा थांबला नाही. १७६२ च्या अखेरीस सुएझहून यात्रेकरूंच्या जहाजातून जेद्दा आणि तेथून येमेनमधील लुहय्या बंदर त्यांनी गाठले. तांबड्या समुद्राच्या काठी फोर्स्कोल कोळ्यांच्या होड्यांची वाट पाहत बसे. मासळी उतरली की तो तिचे दात, पर, खवले मोजी, रंग लिहून घेई, आणि मग अरब कोळ्यांस विचारी की, तुम्ही हिला काय म्हणता? ते जे सांगत ते तो टिपून ठेवी, आणि पुष्कळ वेळा तेच शब्द लॅटिन नावात जसेच्या तसे घाली. डोराब हा शब्द त्या कोळ्यांचाच. तिवराच्या झाडास तेथे 'शूरा' म्हणत, म्हणून त्याने त्याच्या वंशास स्किउरा असे नाव दिले होते. त्या काळी युरोपातील पंडित नव्या जातीस राजाचे, सरदाराचे अथवा स्नेह्याचे नाव देत असत. सिंहासनासमोर न वाकणारा हा तरुण कोळ्याच्या तोंडच्या शब्दापुढे वाकत होता, ही गोष्ट आम्हांस त्याच्या एकवीस कलमांच्या पुस्तकाशी जुळणारी वाटते.

मासे टिकवावे कसे, ही मोठीच अडचण होती. त्याने झाडाच्या पानांची युक्ती माशांस लावली. मासा उभा चिरून त्याच्या एका बाजूचे कातडे परांसकट काढावयाचे, ते कागदावर पसरावयाचे आणि दाबून वाळवावयाचे. अशी वाळविलेली शंभराच्या आसपास कातडी कोपनहेगनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयाच्या दप्तरात अद्याप आहेत. पुस्तकाच्या पानांत ठेवलेले जाळीदार पिंपळपान असावे तशी. काही जीव त्याने अर्कात बुडवून बरण्यांत ठेवले होते. त्या बरण्यांनी मोखा बंदराच्या जकातनाक्यावर मोठा अनर्थ केला. अधिकाऱ्यांनी पेट्या उघडविल्या. आधी नासलेल्या माशांची दुर्गंधी सुटली, आणि पाठोपाठ अर्कातले साप दिसले. हे फिरंगी आम्हांस विष घालावयास आले आहेत, अशी एकच ओरड झाली, आणि मंडळाचे सामान रस्त्यावर फेकले गेले. एका मनुष्याची वर्षभराची तपश्चर्या दुसऱ्यास विषप्रयोगाची तयारी दिसावी, हा ज्ञानाच्या इतिहासातला नेहमीचाच विनोद आहे. फक्त तो ज्याच्यावर गुदरतो त्यास हसू येत नाही.

मोखा येथेच २५ मे १७६३ रोजी फॉन हावेन तापाने वारला. उरलेले पाच जण सनाकडे निघाले, आणि वाटेत फोर्स्कोलही तापाने पडला. यरीम नावाच्या डोंगरी गावी त्यास उंटावर बांधून आणावे लागले. तेथे ११ जुलै १७६३ रोजी त्याचा अंत झाला. वय एकतीस वर्षे सहा महिने. हा ताप हिवतापाचा होता असे आज मानतात. त्या वेळी कोणास त्याचे कारण ठाऊक नव्हते. डासाच्या पोटात त्या रोगाचे बीज आहे हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखविले ते १८९७ साली. जो मनुष्य माशीचे पंख आणि माशाचे दात मोजीत हिंडला, त्यास मारणारा जीव त्याच्या कानाशीच गुणगुणत होता.

सना पाहून बाकीचे चौघे घाईने मोख्यास परतले आणि एका इंग्रजी जहाजातून ऑगस्टच्या अखेरीस मुंबईकडे निघाले. आपल्याकडे त्याच महिन्यात, १० ऑगस्ट १७६३ रोजी, थोरल्या माधवरावांनी राक्षसभुवनावर निजामाचा पराभव केला होता. पानिपतातून सावरलेली मराठेशाही पुन्हा उभी राहत होती, आणि तिच्या किनाऱ्याकडे हे तापाने पोखरलेले जहाज येत होते. २९ ऑगस्ट रोजी चित्रकार बाउरेनफाइंड समुद्रावरच वारला. दुसऱ्या दिवशी नोकर बेरग्रेन. सप्टेंबरात मुंबई बंदरी उतरले ते दोघेच, नीबूर व वैद्य क्रामर. पुढच्या फेब्रुवारीत क्रामरही मुंबईतच मरण पावला. सहांतला एक उरला.

हा उरलेला नीबूर आमच्या मनात घर करून बसला आहे. तो मंडळातला सर्वांत कमी शिकलेला. हॅनोवरकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, मोजणीचे काम यावे एवढ्यासाठी मोठेपणी गणित शिकलेला. सोबती गेले आणि आपण वाचलो, त्याचे कारण आपण देशी पोशाख व देशी अन्न पत्करले, असे तो मानी. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ राहिला. त्या वेळी मुंबई बेट कंपनी सरकारचे, आणि खाडीपलीकडची साष्टी मराठ्यांची. नीबूरने सुरतेची फेरी केली, आणि घारापुरीस पुन्हा पुन्हा जाऊन तेथल्या लेण्यांची मोजमापे व चित्रे केली. चित्रकार मेला होता, म्हणून चित्रे त्याने स्वतः काढली. आपल्या शैव शिल्पाची ही चित्रे १७७८ साली छापून युरोपभर गेली. डिसेंबर १७६४ मध्ये त्याने मुंबई सोडली. वाटेत पर्सिपोलिस येथे त्याने बाणाकृती लिपीतील शिलालेख इतक्या काळजीने उतरून घेतले की, पुढे १८०२ साली ग्रोटेफेंडने त्या लिपीची पहिली किल्ली त्यावरूनच शोधली. नोव्हेंबर १७६७ मध्ये तो कोपनहेगनास परतला. जाऊन सात वर्षे होत आली होती. ज्या राजाने धाडले तोही मरण पावला होता.

आता त्या कोड्याचा उलगडा. फोर्स्कोलची टिपणे नीबूरजवळ होती. नमुन्यांपैकी पुष्कळ वाटेत व पोचल्यावर नासून गेले होते. वनस्पती किंवा मासे हा नीबूरचा विषय नव्हता. त्याचा विषय तारे व अक्षांश. स्वतःच्या प्रवासाची पुस्तके लिहावयाची होती. ह्या स्थितीत मेलेल्या सोबत्याचे कागद सरकारी दप्तरात भरून मोकळे होण्यास कोणाचीच हरकत नव्हती. नीबूरने तसे केले नाही. त्याने ते कागद जुळविले, लॅटिन ग्रंथ सिद्ध करविले, आणि १७७५ साली फोर्स्कोलच्या प्राणिवर्णनाचे व इजिप्त-अरबस्तानच्या वनस्पतींचे असे दोन ग्रंथ, आणि १७७६ साली चित्रांचा तिसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर ग्रंथकार म्हणून फोर्स्कोलचे नाव आहे. ग्रंथकाराच्या मरणानंतर कार्स्टेन नीबूरने प्रकाशित केले, एवढीच ओळ स्वतःसाठी. त्या ग्रंथांत दोष राहिले. मार्टिन वाल ह्या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने पुढे फोर्स्कोलचे नमुने पुन्हा तपासून कित्येक गोष्टी नीट केल्या. परंतु नीट करावयास काही उरले, ते नीबूरने सदोष का होईना छापले म्हणून.

लिनियसनेही आपल्या शिष्याचे स्मरण ठेवले. फोर्स्कोलने पाठविलेल्या बियांतून उगवलेल्या एका आकडेदार केसांच्या झुडपास त्याने फोर्स्कोलिया टेनॅसिसिमा असे नाव दिले. दुसऱ्या पदाचा अर्थ अत्यंत चिवट, धरले ते न सोडणारी. आमच्याकडे भाद्रपदात रानातून आलेल्या माणसाच्या धोतरास कुसळे चिकटून येतात, तशी ही वनस्पती हातास चिकटते. गुरूने हे नाव ठेवले की नावे ठेवली, हे ठरविणे कठीण; बहुधा दोन्ही.

नीबूर पुढे होल्स्टाइन प्रांतातील मेलडॉर्फ नावाच्या लहान गावी सरकारी कारकुनीवर गेला आणि १८१५ पर्यंत तेथेच राहिला. रोमचा इतिहास लिहिणारा प्रसिद्ध इतिहासकार नीबूर हा त्याचा मुलगा. विद्यार्थिदशेत आम्ही मुलाचे नाव ऐकले होते, बापाचे नव्हते. मुलाने लिहिलेल्या बापाच्या चरित्रात असे सांगितले आहे की, वृद्धपणी त्याची दृष्टी गेली, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यास पूर्वेकडच्या रात्रींचे तारकांनी भरलेले आकाश दिसत असे. त्या आकाशाचा काही भाग मुंबईवरचा असला पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, हे सारे ठीक. परंतु तळेऱ्याच्या नाक्यावर बसून डेन्मार्कच्या सफरीचे सुतक पाळण्याचे कारण काय? कारण आहे. आमच्या नाक्यावरून जी वाट पश्चिमेस जाते तिच्या टोकाशी विजयदुर्ग आहे, आणि त्या किल्ल्यानेही एक ग्रंथकार पाहिला आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला घेतला, तेव्हा वॉटसनच्या 'केंट' जहाजाचा शस्त्रवैद्य एडवर्ड आइव्हज हा होता. त्याने १७७३ साली आपल्या प्रवासाचे पुस्तक लंडनास छापले, आणि त्यास हिंदुस्थानातील झाडाझुडपांचे व त्यांच्या औषधी गुणांचे एक परिशिष्ट जोडले. तोफांचा धूर निवाल्यावर झाडपाल्याची यादी करणारा मनुष्य त्याच जहाजात असावा, हे त्या शतकाचे लक्षण होय. ह्याच्याही आधी कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड ह्याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करविला. तो १६७८ ते १६९३ च्या दरम्यान ॲमस्टरडॅमास छापला गेला. त्याच्या पहिल्याच खंडात इट्टी अच्युतन् ह्या मलयाळी वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट ह्या तीन कोंकणीभाषी ब्राह्मणांचे दाखले छापले आहेत. तिघांचा दाखला नागरी अक्षरांत आहे. आपण ही माहिती दिली, असे त्यांनी स्वतः सांगितले, आणि ग्रंथकाराने ते लपविले नाही.

ह्या दोन ग्रंथांची तुलना मनात आली म्हणजे फोर्स्कोलची बाजू एके ठिकाणी उणी पडते. त्याने कोळ्यांचे शब्द घेतले, हे त्याचे थोरपण. परंतु ते कोणी सांगितले हे उरले नाही. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर ज्या कोणी करली हातात धरून 'डोराब' म्हटले, त्याचा शब्द अडीचशे वर्षे जगभरच्या ग्रंथांत राहिला आहे, आणि तो स्वतः कोठेच नाही.

हा विचार आम्हांस केवळ पुस्तकी राहिलेला नाही, ह्याचे कारण आमच्या टेबलावर पडलेल्या तीन वह्या. आमचे एक स्नेही किनाऱ्यावरच्या निरनिराळ्या गावी प्राथमिक शाळांत शिक्षक होते, आणि निवृत्त झाल्यावर ह्या बाजूस येऊन राहिले. तीस वर्षे त्यांनी मालवणी बोलीतली मासळीची, शेवाळाची, खडपांची, वाऱ्यांची व जाळ्यांची नावे टिपली. रापण ओढणाऱ्यांबरोबर ते ओढावयास उभे राहत. पाग टाकणाऱ्याच्या मागून कमरभर पाण्यातून चालत. एकाच मासळीस लहानपणी एक नाव आणि वाढल्यावर दुसरे, हे त्यांनी पोरांकडून ऐकून लिहिले आहे. मतलई वारा पडून खारा सुटण्यापूर्वीच्या निवांत घटकेस काय म्हणतात, हेही त्यांत आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी ते गेले. तेराव्यानंतर त्यांच्या पत्नीने वह्या आमच्याकडे आणून दिल्या आणि म्हटले, "तुम्ही प्रोफेसर. ह्यांचे काय करायचे ते तुम्हालाच कळेल."

आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकवितो. माशांच्या बाबतीत आमची विद्वत्ता ताटापुरती आहे. म्हणून आम्ही जाणत्यांचा सल्ला घेतला. एका शास्त्रज्ञ मित्राने सांगितले की, प्रत्येक नावापुढे शास्त्रीय नाव पडताळून घातल्यावाचून ही यादी निरुपयोगी आहे, आणि ते काम दहा वर्षांचे आहे. दुसरा म्हणाला की, बोलीभाषेच्या अभ्यासकाने उच्चार लिपिबद्ध केल्यावाचून ती छापणे धाडसाचे होईल. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. परंतु ह्या शब्दांस दहा वर्षे थांबावयास सवड नाही. रापण ओढणारे हात कमी झाले आहेत. यांत्रिक नौका मोठ्या जाळ्यांनी एकदम जी मासळी भरतात तिला किनाऱ्यावर नावाने नव्हे, वजनाने ओळखतात. नाव विचारणारा नसला की सांगणाराही गप्प बसतो, आणि एका पिढीच्या मौनात भाषेचा एक कोपरा अंधारून जातो.

ह्या पेचात आम्हांस नीबूर आठवतो. तोही आपल्या विषयाबाहेरचे काम हाती घेऊन बसला होता. त्यास कोणीतरी नक्कीच सांगितले असते की, हे काम वनस्पतिशास्त्रज्ञाचे आहे, तू गणिती आहेस. त्याने पूर्णत्वाची वाट पाहिली असती, तर पुढच्या वालला सुधारावयास काही राहिले नसते, आणि मुडदुशांच्या नावापुढे आज दुसऱ्याच कोणाची सही असती. मागे राहिलेल्याचे ऋण हे असेच असते. जाणाराइतके ज्ञान आपल्यापाशी असावे, अशी त्यात अट नाही. त्याचे कागद वाऱ्यावर जाऊ देऊ नयेत, एवढीच आहे. म्हणून आम्ही ठरविले आहे की, वह्या आहेत तशा, स्नेह्यांच्याच नावाने, त्यांच्याच क्रमाने छापावयाच्या. शास्त्रीय नावे जेथे निश्चित कळतील तेथे टीपेत द्यावयाची. जेथे कळणार नाहीत तेथे जागा मोकळी सोडावयाची. मोकळी जागा पाहून पुढच्या कोणास तरी ती भरण्याची इच्छा होईल.

आणखी एक गोष्ट आम्ही ठरविली आहे. ह्या वह्यांत प्रत्येक पानास चार रकाने आखलेले आहेत. पहिल्यात नाव, दुसऱ्यात वर्णन, तिसऱ्यात गाव. चौथ्या रकान्याचे शीर्षक आहे 'कोणी सांगितले'. त्यात रापणीच्या तांडेलाचे नाव आहे, मासे सुकविणाऱ्या म्हातारीचे आहे, तिसरीतल्या एका मुलाचे आहे, आणि जेथे नाव विचारण्याचे राहून गेले तेथे 'होडीवरचा उंच मनुष्य, उजव्या हातास चार बोटे' असे लिहिलेले आहे. छापखान्याच्या माणसाने सुचविले की, हा रकाना गाळल्यास पुस्तकाची चाळीस पाने वाचतील. हिशेब त्याचा चुकीचा नाही. परंतु चौथा रकाना आम्ही ठेवणार आहो. सध्या त्याचीच नक्कल चालू आहे. ज्यांची नावे त्यात आहेत त्यांपैकी हयात असलेल्यांकडे जाऊन, त्यांच्या संमतीने, प्रत्येक शब्दाचा उच्चार पडताळून घ्यावयाचा आहे. आणि पावसाळ्यात मासेमारी बंद होण्यापूर्वी विजयदुर्गापासून देवगडापर्यंतची किनाऱ्याची एक फेरी तेवढ्यासाठीच करावयाची आहे.